ओव्हनची आंघोळ

दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरातली सगळी यंत्रं अंगणात येतात आणि आंघोळ करतात. कुणाला खोटं वाटत असेल तर त्या दिवशी नालवाडीत आमच्या गल्लीतून एक चक्कर मारावी. प्रत्येक फाटकासमोर कुणीतरी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाइप घेऊन स्कूटरला न्हाऊ घालत असतं. यंत्राच्या पूजेची अट एकच आहे. धुतल्याशिवाय हळदकुंकू लागत नाही.

आमच्या घरी हा सोहळा दादा करतात. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांना फारशी लागू पडलेली नाही. नोकरीत उद्घाटनं, भूमिपूजनं, पाहणी दौरे यांची जी सवय लागली ती तशीच आहे. फरक इतकाच, की आता ती सगळी घरातच होतात. पाण्याची नवी टाकी बसली तेव्हा नारळ फुटला. अंगणात सिमेंटचे ठोकळे, ज्यांना आमच्याकडे गट्टू म्हणतात, ते बसले तेव्हा फीत कापायला वॉर्डातले एक माजी पदाधिकारी आले, आणि त्यांच्या शुभहस्ते काय झालं ते सांगणारी एक छोटी फरशी कुंपणाच्या भिंतीत लागली. साधी राहणी या विषयावर दादा उत्तम बोलतात. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे हा विषय इथे सगळ्यांनाच चांगला बोलता येतो. त्यासाठी मंडप आणि ध्वनिक्षेपक तेवढा लागतो.

मी वरच्या मजल्यावर राहतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा आहे, जेवायला खाली असतो. त्यामुळे या घरातल्या बहुतेक घटना मी एकतर गॅलरीतून पाहिल्या आहेत किंवा ताटावर बसून.

ओव्हन पुण्याहून आला. पुतण्याने नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवायचा ओव्हन घेतला आणि जुना आईकडे पाठवून दिला. विजेवर चालणारा, वरखाली कॉइल, समोर काचेचं दार. दादांनी त्याला नारळ फोडला, शेजाऱ्यांना पेढे दिले आणि विसरून गेले. वहिनी विसरल्या नाहीत. त्यांनी सोबतची माहितीपुस्तिका दुपारच्या वेळी, चष्मा पुसून पुसून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मी आयुष्यभर पुस्तकांत काढलं, पण माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचलेलं माणूस मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मग नानकटाई झाली, ज्वारीची बिस्किटं झाली. वहिनींचं माहेर तळेगाव, पुण्याजवळचं नव्हे, श्यामजी पंतांचं म्हणतात ते. तिकडून संत्री आली की संत्र्याचा केक होऊ लागला. वास गल्लीत जायचा. आधी शेजारची सून विचारायला आली, मग सेवाग्रामच्या दवाखान्यात काम करणारी एक नर्स, मग तिच्या ओळखीची एक शिक्षिका, मग वस्तीच्या टोकाला भाजीची वाडी करणाऱ्या घरातली एक बाई. शनिवारची दुपार ठरली. वहिनी शिकवायच्या, बायका वह्या न घेता नुसत्या पाहायच्या आणि भरपूर प्रश्न विचारायच्या.

हे शनिवार म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. दादांशी लग्न झाल्यापासून वहिनींनी या घरात जी वाक्यं सुरू केली, त्यांतली बहुतेक दादांनी पूर्ण केली. त्यात दुष्टपणा नव्हता. दादांना वाटायचं, आपण मदत करतो आहोत. पाहुण्यांसमोर वहिनी “यंदा संत्रं” एवढं म्हणाल्या की दादा सिंचनावर सुरू व्हायचे. शनिवारी दुपारी मात्र स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज सलग ऐकू यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जिन्यातच थांबलो होतो. एवढं लांब त्या बोलतात हे मला माहीत नव्हतं.

ओव्हन साफ करण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती आणि ती त्या बायकांनाही सांगायच्या. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर. मग पूर्ण थंड होऊ द्यायचा. ट्रे आणि जाळी बाहेर काढून कोमट साबणाच्या पाण्यात. आतल्या भिंतींना खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला लेप, कॉइलला अजिबात न लावता, आणि तो रात्रभर तसाच. सकाळी पिळलेल्या फडक्यानं पुसायचं. फडकं असं पिळायचं की थेंब पडता कामा नये. हट्टी डागावर थोडा व्हिनेगर. तारेची घासणी नको, तळाला चांदीचा कागद अंथरायचा नको, हवा जायच्या भोकांत काही जाऊ द्यायचं नाही. दाराच्या कडेचं रबर हलक्या हातानं पुसायचं, ते फाटलं तर ओव्हन तापायला वेळ घेतो. मग दार उघडं ठेवून वाळवायचं, आणि पुन्हा वापरण्याआधी खिडकी उघडून रिकामा तापवायचा.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी दादांना रोडग्यांची आठवण झाली. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, एरवी शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खातात. दादांचं म्हणणं पडलं की ओव्हन असताना गोवऱ्या कशाला. वहिनी म्हणाल्या, तूप नंतर लावू. दादांनी तूप आधी लावलं. ते ट्रेवरून ओघळलं, खालच्या कॉइलवर गेलं, आणि घरात इतका धूर झाला की मी वरून पुस्तक घेऊनच खाली आलो. तळाला काळी खरपुडी धरली. वहिनींचे नवरात्राचे उपास, घट, बायकांची ये-जा, यात सफाई राहून गेली.

“तू काऊन चिंता करतं,” दादा म्हणाले. “दसऱ्याले मी पाह्यतो ना.”

दसऱ्याला त्यांनी पाहिलं. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. खाली स्कूटर, पंप, शिलाई मशीन, कूलर अशी रांग लागली होती आणि त्या रांगेच्या शेवटी ओव्हन, दार सताड उघडं, तोंड आभाळाकडे. दादांच्या हातात पाइप.

“दादा, ओव्हन आहे तो,” मी वरून म्हटलं.

“मले दिसून राह्यलं. कूलर नाई का धुत आपण? त्यातबी मोटर असते.”

“कूलरची गोष्ट वेगळी. त्यात पाणी असतेच.”

“तेच म्हणतो मी. पाण्याचं मशीन पाण्यानं खराब होत नाई, त आगीचं कसं होईन? आग सोताच वाळवून टाकते.”

आमच्या भागातल्या पुरुषाला कूलर कळतो, असं तो जन्मतःच धरून चालतो. होळीनंतर कूलर माळ्यावरून उतरवायचा, त्याच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, पाइप लावून आतूनबाहेरून धुवायचा, मोटरीत तेल सोडायचं आणि दिवाळीपर्यंत चालवायचा. हे वर्षानुवर्षं केल्यावर पत्र्याच्या कुठल्याही पेटीला कसं वागवायचं याची एक पद्धत हातात बसते. दादांच्या हातात ती बसली होती. ओव्हन पत्र्याची पेटी होता. पाण्याचा झोत आत गेला, काळं पाणी बाहेर आलं, आणि दादांचा चेहरा समाधानी झाला.

वहिनी पुरणाचा हात पुसत दारात आल्या. क्षणभर त्यांनी पाहिलं.

“पाणी बंद करा.”

“झालंच.”

“झालं ते दिसलं. बंद करा.”

पाणी बंद झालं, पूजा झाली. कुंकू, झेंडू, अक्षता. अक्षता वरच्या भोकांतून आत गेल्या. नारळाचं पाणीही थोडं शिंपडलं गेलं. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी वापरत नाहीत, या रिवाजामुळे तो दिवस निभावला. वहिनींनी ओव्हन मागच्या अंगणात उन्हात ठेवला आणि कुणी हात लावू नये म्हणून त्यावर दुपट्यासारखं एक पातळ फडकं टाकलं. लांबून तो आजारी माणसासारखा दिसायचा.

शनिवारी बायका आल्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, आज बोलूच नुसतं, ओव्हन ओला आहे. पण दादा घरी होते. ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलेली वस्तू एव्हाना वाळलीच असणार, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, ओव्हन स्वतः उचलून ओट्यावर ठेवला आणि प्लग लावला. लाल दिवा लागला. “पाहा,” ते म्हणाले. नर्स दार उघडायला पुढे झाली, तिनं मुठीला हात लावला आणि झटका बसून मागे सरली. हातातला ट्रे खाली पडला. पीठ फरशीवर पसरलं.

वहिनींनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग काढला, मग नर्सचा हात पाहिला.

“थोडासा त मारतेच,” दादा म्हणाले. “कूलर नाई मारत का?”

कूलर मारतो हे तर सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे कूलरचा झटका हा ऋतूचा भाग समजला जातो. कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी त्याच्याजवळ रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला असतो, आणि पाहुण्यांना सांगितलं जातं, हात उलटा लावून पाहा, मग धरा. ज्या घरात चप्पल घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं चालत नाही, त्याच घरात कूलरसाठी चपलांचा जोड बैठकीत असतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

नर्स मात्र म्हणाली, “काका, कूलर मारलेले लोकं आमच्याकडे येतात. काही येतात, काहीले आणतात.” मग वहिनींकडे वळून, “काकू, हे साधं नाई. याले आता हात नका लावू.”

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. सुनेच्या सासूने तिला पाठवलं नाही, शिक्षिकेला काम निघालं, वाडीवालीनं निरोपच पाठवला नाही. वहिनींनी दुपारभर ओटा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

दादांनी तोवर निष्कर्ष काढला होता. “यंत्रच खराब आहे. पुण्याहून पाठवलं तवाच खराब असन. कबाडीले देऊन टाकू.” कबाडी, म्हणजे भंगारवाला, सोमवारी यायचा. संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या ओळखीचा वायरमन आहे ना? कबाडीच्या आधी त्याले बोलवा.”

वायरमन रविवारी सकाळी आला, आधी चहा प्यायला, मग ओव्हनची मागची बाजू उघडली. आतल्या कापसासारख्या थरात अजून ओल होती. त्यात दसऱ्याच्या अक्षता होत्या, त्यांपैकी काही फुगल्या होत्या. त्यानं तो थर बदलला, खालची कॉइल बदलली, एक छोटं यंत्र लावून विजेची गळती तपासली आणि म्हणाला, मशीन आता चांगलं आहे. जायला उठला तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं.

“पुस्तकात लिहिलं आहे, अर्थिंग असल्याबिगर लावू नका म्हणून. ते पाह्यलं का तुमी?”

त्यानं एक बल्ब दोन वायरींना जोडून बोर्डाच्या भोकांत लावला. दोन भोकांत लागला. वरच्या, अर्थिंगच्या मोठ्या भोकाकडे नेला तेव्हा लागला नाही. वायरी आपटून पाहिल्या. तरी नाही.

“काकू, अर्थिंग नाई तुमच्या घराले.”

“असं कसं?” दादा खुर्चीतून उठले. “मी सोता खड्डा खोदून घेतलाय. मीठ, कोळसा, पाइप, सगळं नियमानं. अंगणात आहे.”

“दाखवा बरं.”

आम्ही अंगणात गेलो. अंगणात गट्टू होते, एका पातळीत, एका रेषेत, भिंतीतल्या फरशीसमोर. पाइप कुठेच नव्हता. दादा एका जागी उभे राहिले आणि खाली पाहिलं. गट्टू बसवताना मिस्त्रीनं विचारलं होतं, हा पाइप वर येऊन राह्यला, काय करू? आणि दादांनी सांगितलं होतं, काप, लेव्हलमंदी आलं पाह्यजे. हे मी गॅलरीतून ऐकलं होतं. तेव्हा मला तो पाइप कशाचा हे माहीत नव्हतं. दादांना होतं, पण फीत कापायचा दिवस जवळ आला होता.

“मग आता?” वायरमननं विचारलं.

“आता काई नाई,” दादा म्हणाले. “एका ओव्हनसाठी एवढं अंगण उखडायचं का? ओव्हन देऊन टाकू. भांडण मिटलं.”

वायरमन म्हणाला, तुमचं तुमी ठरवा, आणि सायकलला टेकून उभा राहिला. त्याला पुढचं ऐकायचं होतं.

वहिनी म्हणाल्या, “बरं.”

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. मग बैठकीतल्या कूलरचा आवाज बंद झाला. दादा आत गेले तेव्हा वहिनी कूलरची वायर गुंडाळून वर ठेवत होत्या.

“हे काय करून राह्यली तू?”

“अर्थिंग नाई त ओव्हन ठेवायचा नाई म्हणता ना. मग कूलरबी नाई. त्यात त पाणी असते.”

“कूलर इतके वर्षं चालून राह्यला.”

“ओव्हनबी चालतच होता. तुमी आंघोळ घालेपर्यंत.”

त्यांनी गिझरचा प्लग काढला. फ्रिजमधलं दूध बाहेर काढून तापवायला ठेवलं, भाज्या टोपलीत काढल्या, आणि फ्रिजचाही प्लग काढला. पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन. राग दिसत नव्हता. आठवड्याची आवराआवर करावी तशा त्या एकेक बोर्डापाशी जात होत्या. वायरमन खिडकीतून म्हणाला, “काका, काकू नियमाचंच बोलून राह्यल्या.” दादांनी त्याला जायला सांगितलं.

ऑक्टोबरची दुपार होती. आमच्याकडे या महिन्यात ऊन मे महिन्याची उजळणी करतं. दादा पंख्याखाली बसले. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. त्यांनी पेपरनं वारा घेतला, थंड पाणी मागितलं. पाणी माठातलं आलं, पण माठ नवरात्रापासून नीट भरला जात नव्हता, त्यामुळे ते कोमट होतं. ते माझ्याकडे वर आले, माझ्या कूलरसमोर बसले. थोड्या वेळानं वहिनी जिना चढून आल्या आणि तोही बंद केला. “मीटर एकच आहे, भाऊजी,” त्या मला म्हणाल्या. मी हो म्हटलं.

“लोकं काय म्हणतीन?” दादा रात्री जेवताना म्हणाले. “माणसं बोलावून काम केलं, अन आता उखडतो म्हणतीन.”

“म्हणू द्या,” वहिनी म्हणाल्या. “माणूस मेल्यावरबी लोकं म्हणतातच. वरण वाढू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडीची आरोळी आली तेव्हा दादा फाटकाशी गेले. मी गॅलरीत होतो, वहिनी ओट्यापाशी, पातेलं हातात तसंच धरून. कबाडीनं विचारलं, काई आहे का? दादांनी एकदा मागे वळून गट्टूंकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाई. मिस्त्री कुठं राह्यते तो, सांग बरं.”

गट्टू उखडले गेले. दादा याला तात्पुरतं काम म्हणाले. नवा खड्डा झाला, पाइप, कोळसा, मीठ, तांब्याची वायर, आणि वर झाकण, ज्यातून उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं. ते झाकण गट्टूंच्या रेषेत बसलं नाही. मुख्य बोर्डापाशी गळती झाली की वीज तोडणारं एक नवं उपकरणही लागलं. बल्ब मोठ्या भोकात लागला तेव्हा वायरमननं आम्हा सगळ्यांना दाखवला. दादांनी विचारलं, झाकणावर नारळ फोडावा का. वहिनी म्हणाल्या, नको, त्यात पाणी जाते. मग स्वतःच थांबल्या, आणि म्हणाल्या, “तसं इथं चालते म्हणा. पण नको.”

बायका आपसूक आल्या नसत्या. वहिनी शुक्रवारी घरोघर गेल्या. अशा घरोघर त्या याआधी कधी गेल्या नव्हत्या. सुनेच्या सासूपाशी बराच वेळ बसल्या. नर्सला म्हणाल्या, “उद्या येजो. भाजाचं काई नाई. नुसतं पाह्यजो.”

शनिवारी सगळ्या आल्या, पण ओट्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या. सासूही आली होती. ती खुर्ची घेऊन दारातच बसली. वहिनींनी ओव्हनचा प्लग काढलेला दाखवला, मागची बाजू दाखवली, काय ओलं झालं होतं ते सांगितलं. दादांचं नाव घेतलं नाही. “पाइपानं धुतला गेला,” एवढंच म्हणाल्या. सोड्याचा लेप कसा लावायचा ते रिकाम्या ट्रेवर करून दाखवलं.

“काकू, ते समजलं,” नर्स म्हणाली. “पण आता मारत नाई हे कशावरून?”

वहिनींनी सगळ्यांना पॅसेजमधल्या बोर्डापाशी नेलं. नव्या उपकरणावर एक छोटं बटण होतं. “हे महिन्यातून एकदा दाबून पाह्यचं असते. गळती झाली त हे असं तुटते. मंग हातापावेतो येत नाई.” त्यांनी बटण दाबलं. खट्ट आवाज झाला. पंखा मंदावला, फ्रिज गप्प झाला, आणि बैठकीत टीव्हीवर कुठल्याशा जलपूजनाच्या बातमीत कोणीतरी बोलत होतं ते वाक्याच्या मध्येच थांबलं.

“काय झालं?” दादांनी बैठकीतून विचारलं.

“काई नाई. शिकवून राह्यली.”

वहिनींनी खटका वर केला. वीज आली, बातम्या पुन्हा सुरू झाल्या. नर्सनं बटणाकडे पाहिलं.

“मी दाबून पाहू का एकदा?”

“दाब ना.”

खट्ट. मग सून पुढे झाली, मग शिक्षिका, मग वाडीवाली. दर वेळी खटका वर करायचा आणि पुढचीला जागा द्यायची. शेवटी सासू खुर्चीतून उठली, पदर खोचला, आणि म्हणाली, सरका, मले दिसू द्या. मी जिन्यात उभा होतो. बैठकीत दादांनी रिमोट बाजूला ठेवला होता. स्वयंपाकघरात नर्सनं ओव्हनचा प्लग लावला, मुठीला हात लावला, आणि तो तसाच ठेवून विचारलं, “काकू, संत्र्याचा रस किती घ्यायचा म्हणाल्या होत्या तुमी?”